वळिवड्याची छावणी : पाहुणे आणि शेजारी

(नभोवाणीवरील भाषण)

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणारी आगगाडी सुटली की थोड्याच वेळात वळिवडे नावाचे एक लहानसे स्थानक लागते. स्थानक लहान असले तरी त्याच्या आसपासची वसाहत लहान नाही. गांधीनगर या नावाने ती ओळखली जाते, आणि कापडाची ठोक बाजारपेठ म्हणून तिचा लौकिक दक्षिण महाराष्ट्रात, कोकणात, गोव्यात आणि बेळगावच्या मुलखात सर्वत्र पसरलेला आहे. लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी किंवा दिवाळीपूर्वी दुकानात माल भरण्यासाठी श्रोत्यांपैकी कित्येकजण तेथे जाऊन आले असतील. परंतु ज्या जमिनीवर आपण कापडाचा पोत बोटांनी चाचपीत उभे राहतो, त्याच जमिनीवर एका दशकाच्या आत, एकापाठोपाठ एक, दोन निराधार समाज येऊन राहिले, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असेल. पहिला समाज पोलंडचा, दुसरा सिंधचा. बराकी त्याच, विहिरी त्याच, आणि यजमानही तेच. तरीही या दोन पाहुण्यांविषयी यजमानांच्या मनात जे भाव निर्माण झाले ते सारखे नव्हते. हे असे का झाले, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

परक्या माणसाविषयी समाजाचे मत कशाने बनते? धर्मवचनांनी बनते, पुढाऱ्यांच्या भाषणांनी बनते, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांनी बनते, असे आपण समजतो. ते अगदीच खोटे नाही. पण सकाळी दूध घालताना आणि संध्याकाळी हिशेब करताना जी देवघेव होते, तीही मनुष्याचे मत घडवीत असते, आणि पुष्कळदा अग्रलेखापेक्षा अधिक खोलवर घडवीत असते. वळिवड्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

प्रथम पोलिश लोक तेथे कसे आले ते पाहू. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर स्वारी केली आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत रशियाच्या फौजा त्या देशात शिरल्या. पुढील दोन वर्षांत, १९४० व १९४१ मध्ये, पूर्व पोलंडातील लाखो माणसे मालगाड्यांत कोंबून सैबेरियात, कझाकस्तानात आणि उत्तरेकडील अरण्यांत नेण्यात आली. त्यांत शेतकरी होते, वनरक्षक होते, शिक्षक होते आणि सैनिकांच्या बायकामुलांचा भरणा फार मोठा होता. थंडीने, उपासमारीने आणि रोगराईने किती दगावले याची गणती नाही. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला आणि जुलै महिन्यात लंडन येथील परागंदा पोलिश सरकार व रशिया यांच्यात करार होऊन या बंदिवानांची सुटका झाली. १९४२ साली जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर एक लाखाहून अधिक माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. सैनिक युद्धावर गेले; बायका, मुले आणि वृद्ध मागे राहिले. त्यांच्यासाठी पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको अशा दूरदूरच्या देशांत आसरा शोधण्यात आला. हिंदुस्थानात पहिला मोठा आसरा दिला तो नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी. काठेवाडच्या समुद्रकाठी बालाचडी येथे त्यांनी पोलिश मुलांसाठी १९४२ मध्ये छावणी उभारून दिली. त्यानंतर १९४३ साली कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे मोठी छावणी वसली. तेथे सुमारे ५,००० माणसे आली, आणि त्यांत कर्ते पुरुष फारच थोडे होते.

छावणी म्हटल्यावर काटेरी तारेचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. वळिवडे त्या प्रकारचे नव्हते. ओळीने उभ्या केलेल्या कौलारू बराकी, प्रत्येक कुटुंबास राहण्यापुरत्या खोल्या, शाळा, देऊळ म्हणजे त्यांचे चर्च, रुग्णालय, नाटकशाळा, बालवीरांची पथके, असे ते पोलंडातील एक लहानसे गावच होते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. येथे सामायिक मुदपाकखाना नव्हता. कुटुंबांना रोख भत्ता मिळे आणि ज्याने त्याने आपली चूल मांडावी अशी व्यवस्था होती. शिधा ठेकेदाराकडून एकगठ्ठा येता, तर आश्रित आणि यजमान यांची गाठ पडण्याचे काही कारणच उरले नसते. पण चूल आपली म्हणजे सरपण आपण आणावयाचे, भाजी आपण निवडावयाची, अंडी आपण मोजून घ्यावयाची. पोलिश बाईला रोज बाजारात यावे लागले आणि आसपासच्या खेड्यांतील माळणीला, गवळ्याला, शिंप्याला, चांभाराला रोज तिच्या दारी जावे लागले. त्या छावणीत वाढलेल्या मुलांनी उतारवयात ज्या आठवणी लिहिल्या व सांगितल्या, त्यांत या बाजाराला मोठे स्थान आहे. आमचे दुकानदार पाहता पाहता पोलिश बोलू लागले, हे ते कौतुकाने सांगतात. जो विकावयास बसतो त्याला गिऱ्हाइकाची भाषा शिकावीच लागते, हे खरे. पण भाषा शिकताना माणूस केवळ आकडे शिकत नाही. ताप आला हा शब्द शिकतो, पत्र आले हा शब्द शिकतो, आणि पत्र आले नाही हाही शिकतो.

या सहवासाने आपल्या लोकांच्या मनातील एक जुने चित्र निश्चितच विस्कटले असले पाहिजे. गोरा माणूस म्हणजे साहेब, गोरी बाई म्हणजे मडम, आणि दोघेही घोड्यावर किंवा मोटारीत, हे त्या काळच्या खेड्याचे ज्ञान होते. वळिवड्यास त्यांनी गोरी बाई धुणे धुताना पाहिली, पाणी भरताना पाहिली, पैसा-दोन पैशांसाठी घासाघीस करताना पाहिली. गोरेपणा आणि सत्ता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्ञान पुस्तकाने झाले नाही, डोळ्यांनी झाले. हिंदुस्थान स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर असताना हे घडत होते, म्हणून त्याला अधिक महत्त्व आहे.

मात्र या गोड चित्राच्या कडाही पाहिल्या पाहिजेत. १९४३ हे वर्ष युद्धाच्या महागाईचे. बंगालात त्याच वर्षी दुष्काळाने लक्षावधी माणसे मेली. देशात धान्याची चणचण असताना पाच हजार परक्या तोंडांची भर पडली, तरी कोल्हापुरात त्यांच्याविरुद्ध उठाव झाला नाही. याची कारणे केवळ औदार्यात शोधून चालणार नाही. एक तर या लोकांचा खर्च लंडनमधील त्यांचे सरकार सोशीत होते. त्यांच्यामुळे गावात रोख पैसा येत होता. दुसरे, ते येथे कशातही आपले प्रतिस्पर्धी नव्हते. त्यांनी कोणाची नोकरी घेतली नाही, कोणाच्या दुकानासमोर दुकान थाटले नाही, कोणाची जमीन मागितली नाही. तिसरे आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे ते जाणार होते. पाहुणा जाणार हे ठाऊक असले की त्याच्या पानात वाढताना हात आखडत नाही.

आणि ते गेले. जुलै १९४५ मध्ये बड्या राष्ट्रांनी लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या गावांतून ही माणसे उचलली गेली होती, ती गावे सोव्हिएत रशियाच्या हद्दीत गेली. घरी परत जावे तर घरच परदेशात, अशी अवस्था झाली. १९४७-४८ मध्ये कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी कॅनडाला, तर थोडे नव्या पोलंडात, असे ते पांगले. क्वचित एखादी पोलिश तरुणी येथील सून होऊन राहिली. काहीजण कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत कायमचे विसावले.

बराकी रिकाम्या झाल्या. पण फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. १९४७ च्या ऑगस्टमध्ये देशाची फाळणी झाली. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि सिंधमधील हिंदूंची उरलीसुरली आशा संपली. पंजाबी निर्वासितांना निदान अर्धा पंजाब इकडे मिळाला. सिंधी माणसाला इकडे सिंधचा एक तालुकाही मिळाला नाही. मुंबईच्या व काठेवाडच्या बंदरांवर बोटी येऊ लागल्या, मारवाडातून आगगाड्या येऊ लागल्या. सरकारने या माणसांना ठेवले कोठे? युद्धकाळात बांधलेल्या आणि आता ओस पडलेल्या छावण्यांत. कल्याणजवळच्या लष्करी तळावर सुमारे एक लाख लोक आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव दिले. भोपाळजवळ बैरागढ येथे इटालियन युद्धकैद्यांसाठी जी छावणी होती, तीत सिंधी कुटुंबे राहावयास आली. पुण्याजवळ पिंपरी, बडोद्यास वारसिया, अशा त्यांच्या वसाहती झाल्या. वळिवड्याच्या बराकींतही तेच आले, आणि त्या जागेचे नाव गांधीनगर झाले.

आता यजमानांपुढे आलेला पाहुणा निराळा होता. पोलिश बाई गिऱ्हाईक होती. सिंधी माणूस विक्रेता होता. ती जाणार होती. हा राहणार होता. तिच्याजवळ बाहेरून येणारा भत्ता होता. याच्याजवळ अंगचे कसब आणि दोन हात. त्याने शेतात मजुरी केली नाही, कारण शेती त्याची नव्हती. त्याने खांद्यावर कापडाचे गठ्ठे घेतले आणि तो गावोगाव हिंडू लागला. नफा आण्याऐवजी पैशात मोजावयाचा, पण विक्री दुप्पट करावयाची, हा त्याचा हिशेब. हा हिशेब गिऱ्हाइकाला आवडला आणि स्थानिक दुकानदाराला झोंबला. महाराष्ट्रात ठिकठिकाणी जे आक्षेप ऐकू येत ते ठराविक असत. भाव पाडतात, मालाची खात्री नाही, बोलणे गोड पण मनात काय असेल कळत नाही. त्यांची लिपी अरबी वळणाची, म्हणून त्यांच्या धर्माविषयीही शंका घेतली जाई. ज्यांनी धर्मापायी घरदार सोडले त्यांनाच हे ऐकावे लागे. स्थानिक व्यापाऱ्याची तक्रार सर्वस्वी द्वेषाची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याचे गिऱ्हाईक तुटले त्याचे नुकसान खरेच झाले होते. परंतु नुकसान एका दुकानदाराचे व्हावे आणि नाव साऱ्या जातीला पडावे, ही मात्र अन्यायाची रीत झाली.

पुढे हे चित्र पालटले ते कशाने? कोणा साधुसंताच्या उपदेशाने नव्हे. पालटले ते उधारीने. फेरीवाला स्थिरावून ठोक व्यापारी झाला, आणि ज्या खेड्यापाड्यांतील दुकानदारांशी तो स्पर्धा करीत होता तेच त्याचे गिऱ्हाईक झाले. किरकोळ विक्रीत माणूस ओळखावा लागत नाही. पैसे टाकले, माल घेतला. ठोक व्यापारात मात्र माल आधी जातो आणि पैसे मागाहून येतात. उधार देणाऱ्याला घेणाऱ्याचे गाव ठाऊक असावे लागते, त्याच्या गावचा पाऊस ठाऊक असावा लागतो, उसाचे बिल केव्हा मिळते आणि जत्रा केव्हा भरते हे ठाऊक असावे लागते. घेणाऱ्यालाही शब्द पाळावा लागतो, कारण पुढच्या हंगामात पुन्हा त्याच पायरीवर चढावयाचे असते. अशा रीतीने कागदावर सही होण्यापूर्वी मनात एक खाते उघडते. आरंभी ज्या दोघांचे हितसंबंध एकमेकांच्या आड येत होते, त्या दोघांचे हित एकमेकांत गुंतले. सिंधी शेठ अस्खलित मराठी बोलू लागला, आणि तीही कोल्हापुरी वळणाची.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहांच्या स्वरूपावर एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. नुसती गाठभेट झाल्याने पूर्वग्रह जात नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. भेटणारी माणसे बरोबरीच्या नात्याने भेटली पाहिजेत, दोघांचे उद्दिष्ट एक असले पाहिजे, ते साधण्यासाठी दोघांनी एकमेकांस साह्य केले पाहिजे, आणि कायदा व लोकाचार यांचा त्या भेटीस पाठिंबा असला पाहिजे. पुढे २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप या संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र पडताळून पाहिले. त्यांचा निष्कर्ष असा की सहवासाने दुरावा सामान्यतः कमी होतो, आणि ऑलपोर्टच्या अटी पुऱ्या झाल्या तर तो अधिक कमी होतो. वळिवड्याच्या उधारीच्या वहीत यांपैकी बऱ्याच अटी आपसूक पुऱ्या झाल्या होत्या.

परंतु येथे थांबून चालणार नाही. सहवासाचा महिमा गाणाऱ्याने आपल्याच गावचा एक काळा दिवस विसरता कामा नये. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली, आणि त्यानंतर कोल्हापुरात आणि आसपासच्या मुलखात ब्राह्मणांची घरेदारे जाळण्यात आली. जाळणारे आणि जळणारे काही परके नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार होता, एकच भाषा होती, एकच देव होते. म्हणजे नित्याचा सहवास असूनही शेजारी शेजाऱ्यावर उलटू शकतो. सहवासात वरखालीची भावना असेल, जुने शल्य मनात दबलेले असेल, तर एखादी ठिणगी पुरेशी होते. तिबेटी निर्वासितांच्या बाबतीतही असाच अनुभव आला. आपल्या बेळगाव-हुबळीच्या दक्षिणेस मुंडगोड येथे १९६६ पासून त्यांची मोठी वसाहत आहे आणि तेथील शेजार बव्हंशी शांततेने चालत आला आहे. उलट हिमालयातील धर्मशाळेत, जेथे दलाई लामा स्वतः राहतात, तेथे १९९४ साली एका स्थानिक तरुणाची हत्या झाल्याचे निमित्त होऊन तिबेट्यांच्या मालमत्तेवर जमाव चालून गेला. एका हाताने केलेला गुन्हा साऱ्या वसाहतीच्या माथी मारला गेला. वर्षानुवर्षांची ओळख अशा क्षणी कोठे जाते, हा प्रश्न मोठा आहे.

याचे एक उत्तर आपल्या रोजच्या बोलण्यातच सापडते. सगळे सिंधी असेच, पण आमचे शेठ मात्र तसे नाहीत, हे वाक्य कोणी ऐकले नसेल? सहवासाने आपण एका माणसाला ओळखतो. पण त्याच्या जातीविषयीचे जुने मत तसेच ठेवून त्या एकाला अपवाद ठरवितो. शेठ चांगला ठरतो, सिंधी मात्र वाईटच राहतो. दुकानाच्या पायरीवर झालेली ओळख पायरीवरच थांबली की असे होते. ती ओळख घराच्या ओट्यावर आली, मुलांच्या शाळेच्या बाकावर आली, आजारपणात आणि तेराव्यात आली, म्हणजेच अपवादाचा नियम होऊ लागतो. पोलिश छावणीची शाळा स्वतंत्र होती, म्हणून पोलिश मुले आणि आपली मुले एका बाकावर बसली नाहीत, आणि ती ओळख बाजारापलीकडे फारशी गेली नाही. सिंधी मुले पुढे कोल्हापूरच्या महाविद्यालयांत आली. व्यापारापेक्षाही ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

हे भाषण ऐकणाऱ्या आपणा सर्वांनाही या प्रश्नाशी जुने नाते आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे आपले पूर्वज परक्या मुलखातच आले. पण ते होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या सत्तेबरोबर आले, म्हणून त्यांना कोणी निर्वासित म्हटले नाही. गोमंतकाची कथा निराळी. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धर्मछळामुळे तेथील कुटुंबे आपले देव घेऊन निघाली. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली प्रियोळास आला, तो पोर्तुगीज सत्तेबाहेरच्या मुलखात. त्या रात्री नदी ओलांडून आलेल्या माणसांना पैलतीरी कोणीतरी आपल्या अंगणात जागा दिली असलीच पाहिजे. आज आपण तेथे दर्शनास जातो तेव्हा देवाला नमस्कार करतो. त्या अंगणवाल्याचे नाव कोणाला ठाऊक नाही.

आज कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला कृतज्ञतेचा स्तंभ आहे. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा येथे, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. ही गोष्ट अभिमानाची आहे, आणि अभिमान अवश्य बाळगावा. पण एक गोष्ट मनाशी ठेवावी. जे पाच वर्षे राहून गेले त्यांच्या आठवणी गोड असतात, कारण त्यांच्याशी भांडण्याचा प्रसंगच आला नाही. जे राहिले, ज्यांच्याशी भावावरून वाद झाला, हद्दीवरून तक्रार झाली, उधारीवरून शब्द वाढला आणि तरीही पुढच्या दिवाळीला पुन्हा ज्यांच्याच पेढीवर आपण गेलो, त्यांच्याशी आपले नाते अधिक अवघड आणि म्हणूनच अधिक खरे आहे.

फाळणीनंतर उत्तरेकडे आलेल्या लोकांनी शरणार्थी हा शब्द नाकारून स्वतःस पुरुषार्थी म्हणवून घेतले. त्यात मोठा अर्थ आहे. शरणार्थ्याला आपण देतो. पुरुषार्थ्याशी आपण देवघेव करतो. देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. देवघेवीत दोन्ही हात एका पातळीवर येतात. यजमानाच्या औदार्याची परीक्षा पाहुणा दारी येतो तेव्हा सुरू होते हे खरे. पण ती पुरी होते तो पाहुणा शेजारी होऊन आपल्याशी बरोबरीने बोलू लागतो, कधी चढ्या आवाजातही बोलतो, त्या दिवशी. वळिवड्याच्या बराकींनी आपली ही परीक्षा दोनदा घेतली. पहिली सोपी होती, आणि तीत आपण चांगल्या गुणांनी उतरलो. दुसरीचा पेपर अद्याप चालू आहे.